बाबांच्या कॅमेऱ्याला करवत

रॉचेस्टर, ८ फेब्रुवारी १९७४

चि. वालेक यास,
ब्रोन्यावहिनीचे अनेक आशीर्वाद.

काझ गेल्याला चार महिने झाले. आवराआवर करताना त्याचं एकच काम अर्धवट सापडलं, आणि राहिलेला अर्धा भाग तुझ्याकडे आहे. तुमच्या बाबांच्या त्या मोठ्या, आरशाच्या कॅमेऱ्याला त्याला युद्धाच्या विमानातल्या कॅमेऱ्याचं भिंग बसवायचं होतं. भिंग धरून ठेवणारं पितळी कडं लेथवर कातून देतो, असं तू गेल्या उन्हाळ्यात कबूल केलं होतंस.

घाई आईंसाठी आहे. त्यांची मान सारखी हलते, म्हणून साध्या कॅमेऱ्यात चेहऱ्याच्या जागी पुसलेली पाटी येते. या भिंगातून इतका उजेड आत जातो की पापणी लवायच्या आत फोटो होतो. डॉक्टर ईस्टरच्या पलीकडचं काही बोलत नाहीत. भिंग जुनं होऊन चहासारखं पिवळं पडलं होतं, ते निवळावं म्हणून काझने सांगून ठेवल्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हाला ठेवलंय. कोबीच्या गड्ड्याएवढं आहे. शेजारीण विचारते, याचं लोणचं कधी घालणार.

पुढचं लाकूड कापायचं काम मी करीन. तू कडं पाठव. मुलींना पापे, आणि आहे तो जिव्हाळा राहू दे.

तुझी वहिनी,
ब्रोन्या


टोलेडो, २१ फेब्रुवारी

ती. ब्रोन्यावहिनीस,
वालेकचा सा. न. वि. वि.

आईचं वाचून घास उतरला नाही. पण करवतीचं मला पटत नाही. बाबांनी कारखान्यात तो कॅमेरा स्वतःच्या हातांनी जुळवला. चामड्याखाली त्यांची आद्याक्षरं आहेत, मी पाहिली आहेत. त्यांनी तो काझला दिला, मला नाही, त्यावर मी कधी अवाक्षर काढलं नाही. उन्हाळ्यात हो म्हणालो ते त्याच्या भिडेखातर. फोटो काय, कोणत्याही कॅमेऱ्याने निघेल. गावात फोटोवाले कमी आहेत का?

इकडे कामाचा रेटा आहे. राग नसावा, माया असावी.

आपला,
वालेक


रॉचेस्टर, ६ मार्च

चि. वालेक यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या की तुझ्या बाबांनी त्या कॅमेऱ्याने चर्चमधल्या एकूण एक नवऱ्या मुलींचे फोटो काढले, आणि बायकोला पन्नास वर्षं सांगितलं की तुझा पुढच्या रविवारी. खुशाल काप म्हणाल्या, आणि वालेकला रडायचं असेल तर त्याला म्हणावं इथे येऊन माझ्यासमोर रड, चार वर्षांत तेवढाच दिसेल.

काल मी कापला. जेवणाच्या टेबलावर, काझच्या बारीक करवतीने. आद्याक्षरांना धक्का लागलेला नाही. तेव्हा आता वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, कडं पाठव.

एक विचारायचं आहे. भिंगाचं शेपूट आतल्या आरशाला लागतं, म्हणून आरसा एका नाण्याच्या जाडीइतका मागे घेतला. आरसा मागे गेला की आणखी काही बदलावं लागतं का? काझ म्हणायचा, ते तुला माहीत आहे. वाचनालयातून तीन पुस्तकं आणून वाचली, पण ती कॅमेरा विकत घेणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत, कापणाऱ्यांसाठी नाहीत. एवढं नक्की लिही.

ब्रोन्या


टोलेडो, १९ मार्च

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

सोबत कडं पाठवलं आहे. स्क्रू समोरासमोरचे आवळावेत, एका बाजूने आवळत गेलात तर भिंग तिरकं बसेल. खाली नमद्याची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, पट्टी घालावी. थोरलीचा चर्चमधला समारंभ असल्याने ईस्टरला येणं जमत नाही. आईला नमस्कार सांगावा.

बाकीचं तुम्ही पुस्तकांत वाचलंच असेल.

आपला,
वालेक


रॉचेस्टर, २४ एप्रिल

चि. वालेक यास,

मातीच्या दिवशी तू बसच्या वेळेमुळे लगेच निघालास. जाताना आईंचा फोटो मागितलास, तो सोबत आहे.

तो ईस्टरच्या आदल्या आठवड्यात काढला. खिडकीपाशी खुर्ची ठेवली, सहा फिल्म्स वापरल्या. आरशातलं चित्र ज्या वरच्या दुधी काचेवर पडतं, तिच्यात मला त्यांच्या पांढऱ्या पापण्यासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. चार दिवसांनी त्या गेल्या. फिल्म्स मी सगळं आटोपल्यावर धुतल्या.

सहाही सारख्याच आहेत. डोक्यामागे खुर्चीच्या पाठीवर जो विणलेला रुमाल आहे, त्याचा टाका न् टाका मोजता येतो. त्याच्यापुढे चेहरा आहे, सांडलेल्या दुधासारखा.

मग मी पट्टी घेऊन बसले. दोन दिवस लागले, पण कळलं. आरसा जेवढा मागे, तेवढीच दुधी काच खाली यायला हवी होती. नाहीतर डोळ्याला दिसतं एक आणि फिल्मवर उतरतं त्याच्या वीतभर मागचं.

तुला हे माहीत होतं का? हो की नाही, तेवढंच कळव.

ब्रोन्या


टोलेडो, २ मे

ती. वहिनीस,

हो.

काझचं आणि माझं उन्हाळ्यात फोनवर ठरलं होतं. मापसुद्धा माझ्या लेथच्या वर भिंतीवर लिहिलेलं आहे. तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. वाटलं, पहिला फोटो बिघडेल, मग तुम्ही पुन्हा विचाराल, आणि तेव्हा मी म्हणेन की बाबांचा कॅमेरा कापायला नको होता. तेवढं एकदा मला म्हणायचं होतं. दुसरी वेळ येणारच नाही, हे डोक्यात आलं नाही.

कॅमेरा पाठवा, मी काच खाली करून देतो. सांगाल ते करतो. मला क्षमा करता येईल का, तेवढं लिहावं.

वालेक


रॉचेस्टर, १३ मे

वालेक,

काच मी घरीच खाली केली. कॅमेरा आता उत्तम चालतो. शेजारणीचा फोटो काढला, तिच्या गालावरची लव दिसते. चर्चमधल्या दोघीतिघी आपल्या म्हाताऱ्यांना घेऊन येणार आहेत.

क्षमेचं मला अजून माहीत नाही. खोटं लिहीत नाही.

पण एक तुला कळायला हवं. त्या दिवशी मी फिल्म बदलत होते, तेव्हा आईंनी विचारलं की वालेकने पाठवलं का ते कडं. मी म्हणाले पाठवलं, आणि फार सुबक कातलंय. त्यांनी ते हातात घेऊन बघायचा हट्ट धरला. लावलेलं होतं, म्हणून मी कॅमेराच त्यांच्या मांडीजवळ नेला, आणि त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, त्याच्या हाताला पहिल्यापासून गुण आहे, उगाच मी त्याला बोलते.

त्यानंतरच्या चारही फोटोंत त्या हसत आहेत. फोटोत ते दिसत नाही, म्हणून लिहून कळवलं.

ब्रोन्या