सूज की वाढ

दि. ९ जानेवारी

प्रिय वन्सं,

आशीर्वाद लिहावेत तर तुम्ही माझ्याहून फक्त आठ महिन्यांनी लहान, उलट अंगावर धावून याल. म्हणून नुसतंच प्रिय. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी वगळता. तुमचे कान साथ देत असते तर फोनवर दोन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. आता सविस्तर वाचा, आणि आधी चष्मा पुसून घ्या.

फुप्फुसातल्या कॅन्सरचं तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी औषधांनी तो गप्प बसला होता. पण त्याला खालची जागा पुरेना, आता त्याने वरच्या मजल्यावरही बिऱ्हाड केलंय. मेंदूत, मागच्या बाजूला डावीकडे एक गाठ आहे. वाटाण्याहून जरा मोठी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे कळलं कसं ते ऐका आणि हसा. महिनाभर मला वर्तमानपत्रातल्या ओळींचे उजवीकडचे शब्द दिसत नव्हते. दुसरी कुणी असती तर डोळे तपासून आली असती. मी संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं, की तुमचा उजवा समास कापला जातोय, छापखान्यात माणसं आहेत की नुसती खुर्च्या-टेबलं? बिचाऱ्यांनी नवा अंक घरी पाठवला. त्यातही तेच. मग मात्र चिरंजीवांनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. उभा जन्म प्रुफं वाचल्यावर माणसाला आधी दुसऱ्याचीच चूक दिसते.

सोमवारपासून उपचार आहेत, दोन एकदम. तीन दिवस किरणोपचार, थेट गाठीवर नेम धरून. आणि दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून इम्युनोथेरपीचं औषध. डॉक्टरीणबाई कागदावर गोळे आणि बाण काढून समजावत होत्या. मी म्हटलं, थांबा, मला माझ्या भाषेत सांगू द्या. एकच मजकूर रोज वाचून नजर मेली की चूक समोर असून दिसत नाही. माझ्या शरीराचं तसंच झालंय, ते या गाठीवरून नजर फिरवून पुढे जातं. तुमचं औषध म्हणजे ताजी नजर, आणि किरण म्हणजे चुकीखाली मारलेली लाल रेघ. बरोबर?

त्या हसल्या. "उद्यापासून मी सगळ्यांना असंच सांगणार," म्हणाल्या. मग तो कागद माझ्याकडे सरकवत, "पण दोन्ही मिळून प्रत्येकाला गुण येतोच असं नाही हं, आजी. हमी मागू नका."

आजी म्हणाल्याचा राग आला. बाकी बाई चांगली आहे.

काळजी करू नका. आणि येऊ तर मुळीच नका, तुमच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपायचा नाही.

तुमची
वहिनी


दि. १४ मार्च

प्रिय वन्सं,

तुमचं पत्र पावलं. वाचून फार बरं वाटलं. लेकीच्या घरी सगळे खुशाल असतीलच. गुडघ्यांना जपा, जिना एकेक पायरी करत चढा. बाकी तुम्ही लिहिता ते अगदी खरं आहे.

किरणांचे तीन दिवस पार पडले. आधी चेहऱ्यावर गरम, मऊ जाळी ओढून मुखवटा करतात. तो थंड झाला की कडक होतो. मग आपण आडवं व्हायचं आणि तो मुखवटा टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे डोकं तसूभर हलायला नको. मशीनवरच्या बाईंनी विचारलं, "ठीक वाटतंय ना?" तर तोंडच उघडेना. लग्न झाल्यापासून मला गप्प बसवणं कुणाला जमलं नव्हतं. तुमचे भाऊ असते तर तो मुखवटा मागून घरी घेऊन गेले असते.

सलाईनच्याही तीन खेपा झाल्या. अंगाला खाज सुटते, दुपारी चारला पाय शिशाचे होतात, एवढंच. शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त शिंपी असतात. ते सगळ्या नर्सबाईंच्या कॉलरींना नावं ठेवतात, त्यामुळे वेळ बरा जातो.

आता मुद्द्याचं. परवा मेंदूचा फोटो काढला. गाठ लहान व्हायच्या ऐवजी मोठी दिसते.

लगेच पत्र खाली ठेवू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही सूज आहे की वाढ, ते एका फोटोवरून मी सांगू शकत नाही. किरणांनी आसपासचा भाग सुजतो. शिवाय औषधाने जागं झालेलं शरीर गाठीवर तुटून पडलं, तरी तिथे सुजतं. फोटोत दोन्ही सारखंच दिसतं. सूज असेल तर ओसरेल. वाढ असेल तर आपल्याला दुसरी वाट शोधावी लागेल, आणि वाटा फार नाहीत." तेव्हा सहा आठवडे थांबायचं आणि पुन्हा फोटो काढायचा.

सूज आणि वाढ. दोन्ही दोन-दोन अक्षरांचे शब्द. एका अनुस्वारासाठी मी भल्याभल्या लेखकांशी भांडले, आणि आता इथे दीड महिना हाताची घडी घालून बसायचं.

डोळ्यांची थोडी कुरकुर आहे. ते चालायचंच.

तुमची
वहिनी


दि. १९ एप्रिल

प्रिय वन्सं,

खोटं बोलणं मला कधी नीट जमलं नाही, आता तर पुरेच झालं.

तुमचं एकही पत्र मी वाचलेलं नाही. तीन आली आहेत, तिन्ही माझ्या उशीजवळ आहेत. मला वाचता येत नाही, वन्सं. फेब्रुवारीत येईनासं झालं. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण ती काय म्हणतात ते कळत नाही. आणि थट्टा बघा, लिहिता येतं. हात आपसूक चालतो. लिहून झालं की माझंच अक्षर मला परकं. मागच्या पत्रात मी काय काय लिहिलं, ते तपासायची सोय नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणतात की असं क्वचित होतं, वाचायची वाट बंद आणि लिहायची उघडी, आणि गाठ नेमकी त्या वाटेत बसलीय. सूज असेल तर ती उतरल्यावर वाचन परत येईल कदाचित. वाढ असेल तर, हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही.

चिरंजीवांकडून पत्रं वाचून घ्यायची, यात काय अवघड, असं तुम्ही म्हणाल. परवा तुमचं जाड पाकीट आलं तेव्हा मी प्रयत्न केला. त्याने सुरुवात केली, "वहिनी, मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नाही. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

तिथेच त्याला थांबवलं. एक तर चोरी पकडली गेली होती. दुसरं म्हणजे, पोरगा गुणी आहे, माझं सगळं करतो, पण वीज मंडळाची नोटीस वाचावी तसं वाचतो. एकोणतीस वर्षं छापखान्याच्या त्या वरच्या खोलीत तुम्ही मूळ प्रत मोठ्याने वाचलीत आणि मी समोर पेन्सिल धरून बसले. स्वल्पविराम, पूर्णविराम, ऱ्हस्व, दीर्घ, सगळं म्हणत वाचायचात. सवय अशी की भांडतानाही सुटायची नाही. एकदा तुमचे भाऊ मला टाकून बोलले, तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "दादा, स्वल्प, पुन्हा वहिनीला असं बोललास तर याद राख, पूर्ण, नवा परिच्छेद." आणि तरातरा निघून गेलात. ते हसले, मी हसले, भांडण तिथेच संपलं. त्यानंतर लिहिलेलं काहीही मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

मला भीती वाटते, वन्सं. मरणाची वाटतेच, ती चिरंजीवांपासून लपवून ठेवते. पण सकाळी वर्तमानपत्र हातात घेतल्यावर जे वाटतं ते त्याहून वाईट असतं. मी ते उलटं धरलेलं असतं तरी मला कळत नाही.

तुम्ही या. जानेवारीत उगाच शहाणपणा करून नको म्हटलं होतं. गुडघ्यांचं काय ते इथे बघू, पलंग खिडकीजवळ लावून ठेवलाय. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला वाचता येत नाही, दोघींत मिळून एक धड माणूस निघतंय. तुम्ही वाचा, मी ऐकेन. मला काही म्हणायचं असेल तर लिहून देईन.

फोटो येत्या गुरुवारी आहे. रिपोर्टचं पाकीट शुक्रवारी दवाखान्याच्या खिडकीवर मिळतं आणि डॉक्टरीणबाई सोमवारी भेटतात. मधले दोन दिवस ते पाकीट घरात असेल. चिरंजीवांना सांगून ठेवलंय, आत्या येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

तुमची पत्रं सावकाश वाचू. आधी ते पाकीट. त्यात सूज असेल किंवा वाढ असेल, तो शब्द तुमच्या आवाजात आला तर मी खुर्चीत नीट बसून ऐकून घेईन. फक्त माझ्याकडे बघून आवाज बारीक करू नका, आणि माझी दया येऊन एक अक्षरही बदलू नका. मूळ प्रतीत जे असेल तेच वाचायचं, हा नियम तुमचाच आहे.

तुमची,
न तपासता पाठवलेली,
वहिनी