सप्तकोनातलं टिंब

१४ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? मी यंदा दहावीला गणित शिकवायची पद्धतच बदलली. सूत्र आधी देत नाही. आकृती देते, एकेक प्रश्न विचारत जाते, वाट मुलींनी शोधायची. परवा बहुकोनाच्या कोनांची बेरीज काढायला सांगितली. सगळ्यांनी एका कोपऱ्यातून रेघा मारून त्रिकोण पाडले. एक मुलगी नववीपासून वर्गात तोंड उघडत नाही, तिला आम्ही अबोली म्हणतो. तिने सप्तकोनाच्या मध्ये टिंब दिलं आणि सगळे कोपरे त्याला जोडले. सात त्रिकोण झाले. मी विचारलं, टिंबाभोवतीचे कोन कुणाचे? तिने टिंबाभोवती बोट फिरवलं. मग म्हणाली, ते आपले नाहीत, तीनशे साठ वजा करायचे. दादा, मला भरून आलं. हसशील, हस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी धाकटी


२ सप्टेंबर

चि. धाकटीस अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, आणि मीही. अगं, पोरी शोध लावत बसल्या तर पोर्शन कधी संपायचा? मी वीस वर्षं बोर्डाचे पेपर तपासतोय. गठ्ठा संपवायची घाई असते. सूत्र दिसलं की मार्क, एवढंच. मुकाट्याने पाठ करून घे.

फुगून बसू नकोस, पत्र टाक.

दादा


१० जून

ती. दादास सा. न.

अबोली गणितात दोन मार्कांनी गेली. सूत्र मी पाठ करून घेतलं होतं, पण ऐन वेळी तिला ते आठवेना. म्हणून तिने सप्तकोनात टिंब देऊन उदाहरण सोडवलं. नऊशे अंश, उत्तर बरोबर आहे. वडिलांनी तिला शिलाईच्या कारखान्यात लावलंय. ते शाळेत आले होते. आवाज न चढवता विचारत होते की बाई, सरळ रस्ता सोडून तिला आडवाटेने का नेलंत.

धाकटी


१८ जून

चि. धाकटीस आशीर्वाद.

तो पेपर माझ्याकडे होता. सूत्र नाही म्हणून मी खालचं वाचलंच नाही. चारपैकी शून्य दिलं. वर शेजारच्या परीक्षकांना आकृती दाखवून म्हणालो की हिने सायकलचं चाक काढलंय. ते हसले, मीही हसलो. बोर्डाला कबुली लिहून दिली आहे. फेरतपासणीचा अर्ज तिच्याकडून लगेच करून घे. मला तपासणीतून काढतील, काढू देत.

उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल.

दादा


३० ऑगस्ट

ती. दादास सा. न.

चारही मार्क मिळाले, ती पास झाली. नवी गुणपत्रिका घेऊन मी कारखान्यात गेले. मुकादमाने पाच मिनिटं दिली. तिने कागद वाचला आणि घडी घालून मशीनच्या खणात ठेवला. अकरावीचे प्रवेश केव्हाच बंद झालेत. पुढच्या वर्षी बघू, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली की घरी आता तिचा पगार धरूनच सगळं चालतं.

परीक्षकांनी चूक आपणहून कबूल केली, हे मी सांगितलं. ते माझे भाऊ आहेत, हे मात्र सांगवलं नाही. मग, आता तरी त्यांनी माझं उदाहरण शेवटपर्यंत वाचलं का, एवढंच तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. तिला काय सांगू ते कळव.

रागावले आहे, तरी तुझीच,

धाकटी