कुंदाच्या रायफलीचा बोल्ट

३ नोव्हें., सोम., अमरावती
काल अकोल्याला, कुंदाच्या रायफल क्लबात. पन्नाशीला आलेली धाकटी बहीण. आठवडाभर शाळेत पीटी शिकवते आणि रविवारी पालथी पडून पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडते. राजापेठेतल्या शेजाऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. उगाच नम्र वागायला लागतील.

तिच्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवून बंद करणारी खीळ, अडतो. दर गोळीनंतर दांडी उचला, मागे ओढा, पुढे ढकला. (संस्कृतात अर्गला म्हणता येईल. कुणी विचारलेलं नाही.) उचलायला जोर लागला की गाल लाकडावरून सुटतो आणि पुढची गोळी भलतीकडे जाते. २३ ला संघाची निवड.

कुंदा बोल्टला दोष देत नाही. मनगटाला देते, गेल्या वर्षी मोडलं होतं ते. "दादा, रायफल तेच हाय. हात तो नाई राहिला." २३ ला जमलं नाही तर सोडणार म्हणे. साध्या आवाजात म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

५ नोव्हें., बुध.
वार्ताहर म्हणून संत्र्याच्या गळतीची बातमी पेपरला पाठवली. मन बोल्टमध्येच. गणपतीत सुरळीत चालणारं लोखंड दिवाळीच्या सुटीत कपाटात पडल्या पडल्या म्हातारं होतं का? माणसं होतात, पण ती कपाटात नसतात.

वानखड्यांना फोन. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये लेथवर होते, आता क्लबची शस्त्रं त्यांच्या ताब्यात. क्लबातल्यांचं मत, बोल्ट बाहेर पाठवून घासून आणा. वानखडे तयार नाहीत. "घासलेलं लोखंड वापस येते काय गुरुजी? आधी पाहू तं द्या."

९ नोव्हें., रवि.
पुन्हा अकोला. रायफल रिकामी आहे हे वानखड्यांनी दोनदा पाहिलं, मलाही पाहायला लावलं, मग बोल्ट काढला. दिव्यावर ताटली धरून काजळी केली, बोल्टला पातळ फासली, घालून दहा वेळा मागेपुढे. जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथली काजळी पुसून चकाकी दिसते. फारच सुंदर युक्ती. निकाल पाहावा तसा पाहत होतो.

चकाकी कुठेच नाही. काजळीच चिकटून बसलेली, म्हणजे मध्ये काहीतरी चिकट आहे.

रॉकेलची चिंधी फिरवली तर लाल निघालं. मी ठामपणे म्हणालो, गंज. वानखड्यांनी चिंधी नाकाशी धरली. "गुरुजी, गंजाले हळदीचा वास येते काय?"

मग आठवलं. खंडेनवमी. शस्त्रपूजा सांगायला मला बोलावलं होतं. बहिणीची रायफल म्हणून हळदकुंकू सढळ हाताने. शेजारी जवसाच्या तेलाची बाटली, लाकडाला लावायची. एकट्या लाकडालाच का, म्हणून मी लोखंडालाही अभ्यंग घातला. बोल्ट उघडा होता, आतूनसुद्धा. जवसाचं तेल वाळलं की रोगणासारखं धरतं, हे कुठल्याही सुताराला विचारा. मला विभक्त्या येतात.

"मंत्र बरोबर होते नं?" वानखडे.
होते म्हणालो.
"मंग तेवढे राहू द्या. बाकीचं काढतो."

कुंदा तिकडे मैदानावर पोरींना पवित्रा शिकवत होती. तिला सांगितलं नाही.

१० नोव्हें., सोम.
काल बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत वाक्य जुळवत होतो. पहिला शब्दच सापडेना. ती रोज मनगट शेकते आहे. वानखडे म्हणाले होते, मी नाई सांगत, तुमी सांगा.

१३ नोव्हें., गुरु.
वानखड्यांचा फोन. दोनदा रॉकेलात भिजवला, दातांच्या ब्रशने खाचा घासल्या, कोरडा करून मशीन ऑइलचा एकच थेंब. मग रिकामा शंभरदा ओढला. लोण्यावानी चालून राहिला म्हणे. किती जाड थर निघाला, कोणत्या खाचेत जास्त, सगळं विचारून घेतलं. त्यांनी एकच विचारलं, बाईंले सांगतलं काय.

१६ नोव्हें., रवि.
सांगितलं. क्लबात चहा घेताना, सरळच. हसेल नाहीतर भांडेल, दोन्हीची तयारी होती. ती मनगटाकडे पाहत बसली.
"अन् मी शेक घेऊन राहिली होती."
मी म्हणालो, हो.
चहा अर्धा ठेवून आत गेली. बोल्ट रिकामा ओढला, दहा वेळा, गाल जागचा हलला नाही. मग दहा गोळ्या. कागद आणून माझ्यासमोर धरला: सात मधोमध, तीन डावीकडे.

मी आनंदात. बोल्ट किती मऊ झाला वगैरे बोलत सुटलो. तिने कागदाची घडी केली. "दादा, आतापर्यंत बोल्ट होता. या तीन कोणाच्या?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

१९ नोव्हें., बुध.
फोन केला. रोज शाळा सुटली की क्लबात जाते. डावीकडच्या किती? "मोजत नाई." कुंदा आणि मोजत नाही!

२३ नोव्हें., रवि., अकोला
क्लबात, मागच्या बाकावर बसून लिहितो आहे. सकाळी नमस्काराला वाकली, मी हात उचलला तर म्हणाली, आशीर्वाद चालीन, कुंकू नको. वानखडे तोंड फिरवून हसले.

तिची पाळी आली. मनगटाला पट्टा गुंडाळला, काढला, पुन्हा गुंडाळला, शेवटी काढून माझ्याकडे दिला. अजून कोमट आहे.

पहिली गोळी झाली. दांडी उचलली, मागे, पुढे. गाल लाकडावरच. दुसरी. वानखड्यांनी त्यांची दुर्बीण पुढे केली, कागद दिसते म्हणे. घेतली आहे. मांडीवर ठेवली आहे. तिसरी.