दार आपटून गेलास तो दिवस

मिल्बर्न, ओहायो
१२ नोव्हेंबर

प्रिय क्लेट,

अनेक आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. अंगणातली पानं शेजाऱ्यानं झाडून दिली. थँक्सगिव्हिंगची टर्की यंदा भाजायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. ते तुझ्यावर आहे.

साठी उलटलेल्यांना तुमच्या कॉलेजात फुकट बसता येतं, म्हणून मी होलुबेकबाईंच्या ‘साहित्याची ओळख’च्या वर्गाला जाते. ना परीक्षा, ना पटावर नाव. म्हणूनच बाईंच्या बाजूनं केलेली माझी तक्रार तुझ्या ऑफिसात कुणी घेईना. “आजी, तुमची नोंदच नाही,” म्हणे!

पुढच्या सत्रात बाई नाहीत. विभागप्रमुखांचा शेरा वाईट आला. विभागप्रमुख म्हणजे तू. तो कागद मी बाईंच्या हातातून ओढूनच घेतला. ‘शिक्षिका बराच वेळ काहीही शिकवत नाहीत. वर्गात घरगुती गप्पा चालतात.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिकवत नव्हत्या? अरे, कविता वाचायची आणि कुणीतरी बोलेपर्यंत गप्प राहायचं, ही त्यांची रीतच आहे! तू वर्ग तपासायला आलास त्या दिवशीची कविता कामावरून येऊन दार आपटणाऱ्या बापाची होती. वर्ग चिडीचूप. शेवटी ट्रक चालवणारा डेशॉन कुजबुजला, “आजी, बोला काहीतरी, नाहीतर बाई आपल्याला इथंच म्हातारं करतील.”

“मी झालेच आहे रे,” मी म्हटलं. सगळे हसले.

मग मी बोलले. आमचे वडील पोलादाच्या कारखान्यातून आले की दार तसंच वाजायचं, आणि माझा धाकटा भाऊ माझ्या पांघरुणात शिरून माझा दंड चावायचा. रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

भावाचं नाव मी घेतलं नाही. मागच्या बाकावरून तूच उठलास. जाताना दार केवढ्यानं आपटलंस, तुझं तुला तरी ऐकू आलं का?

तू गेल्यावर, ऑगस्टपासून तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडे अजून वाजतं.” बाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. हे तुझ्या शेऱ्यात कुठून येणार?

माझा राग आला होता ना? मग माझ्याशी भांडायचंस. त्या बाईंच्या पोटावर कसला पाय देतोस!

शेरा मागे घे. शुक्रवारी वर्गाला ये आणि शेवटपर्यंत बस. बोलला नाहीस तरी चालेल. गप्प बसणाऱ्यांची वाट बघायची बाईंना सवय आहे. टर्की त्यानंतरच ओव्हनमध्ये जाईल.

दंडावर तुझ्या दातांचा वण अजून असलेली,
तुझी ताई
अर्लीन