मनूची जागा

१७ नोव्हेंबर
फौजेतून सुटलो, पेन्शन बसली आणि साताऱ्याच्या घरी बायकोच्या पायात पायात येऊ लागलो. म्हणून कडेगावजवळच्या या छोट्या मिशन शाळेत खेळाचा मास्तर झालो. भोवताली ऊस, मधे कौलारू वर्ग, चर्च आणि तांबड्या मातीचं झकास मैदान. मुख्याध्यापिका एस्तेरबाईंनी घरचा केक खाऊ घातला. खो-खोच्या ढाली कपाटात मावत नाहीत. कॅप्टन शिवांजली आठवीत आहे. पळते तेव्हा पाय जमिनीला लागतात की नाही, शंका येते. लय मजा येणार.

१९ नोव्हेंबर
पोरी सरावाला बसतात तेव्हा खुंटाजवळचा शेवटचा चौकोन मोकळा सोडतात. एस्तेरबाईंना विचारलं. म्हणाल्या, फार पूर्वी सरावात वळीव आला, विजा कडाडल्या, सगळ्या चर्चकडे पळाल्या. मनू नावाची पोर तेवढी बसून राहिली. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, असं तिला शिकवलेलं. वीज तिच्यावरच पडली. वाईट वाटलं. पण पोरींनी जन्मभर भीत बसायचं का?

२१ नोव्हेंबर
आज पोरींची भीती मोडली. सगळ्यांसमोर धावत गेलो, वाकलो, मोकळ्या चौकोनाला खो दिला आणि ओरडलो, ऊठ गं मनू!
तिथली माती थोडी उडाली. वारा नव्हता. हसलो तो मी एकटाच.

२४ नोव्हेंबर
दीपमाला पळताना पडली, पाय मोडला. मागून कुणी हात लावला म्हणते. मागं कुणीच नव्हतं. मी स्वतः पाहत होतो.

२६ नोव्हेंबर
शिवांजली थांबत नाही. सकाळच्या प्रार्थनेपासून मैदानाला फेऱ्या मारतेय. धरलं तर किंचाळली, "सोडा सर, ती मागं हाय! हात लागला की मी मेले!"
मातीत तिच्या बुटांचे ठसे. त्यांच्या मागोमाग लहान, अनवाणी पावलं.
सरहद्दीवर गोळ्यांचे आवाज ऐकलेत मी. असा कधी घाबरलो नव्हतो.

२७ नोव्हेंबर
मलकापूरचं हॉस्पिटल. खाटेला बांधलंय तरी पोरीचे पाय पळतातच. डॉक्टर म्हणतात, काळीज फार टिकणार नाही. एस्तेरबाई प्रार्थना करून उठल्या, माझ्याकडे पाहिलं. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतं, म्हणाल्या. तुम्ही खो दिलात, पण बसला नाहीत.
खरंय. बसलो नाही.

२८ नोव्हेंबर, दुपार
बसलो. अनवाणी पावलं मागून आली, शेजारून गेली, उसात शिरली. पुन्हा आवाज नाही.
हॉस्पिटलमधून फोन. शिवांजलीचे पाय थांबले. भाकरी मागितली. मी ढसाढसा रडलो.
उठायला गेलो—

संध्याकाळ
उठता येत नाही. चौघांनी ओढलं. मान वळत नाही, नुसता हात चालतो. एस्तेरबाईंना बजावलंय, मला कुणी खो द्यायचा नाही. जो देईल तो माझ्यासारखा इथंच बसेल. बसेन मी. माझीच चूक—

२९ नोव्हेंबर
रविवार. सगळे चर्चमध्ये. गाणं ऐकू येतंय. फाटकाशी रिक्षा थांबली—
शिवांजली. हसतेय. तिला कुणी सांगितलं नसेल का—
"बसा तसंच सर, मी उठवते तुमास्नी!"
ओरडलो. घशातून आवाज नाही. ती वळसा घालून मागं—
पोरी, नको. खो देऊ नकोस. माझ्या जागी तू—