आईची चिमूट

सोम. ४ फेब्रु. १९४६, माधवनगर
आबांना घेऊन मिरजेला. रक्ताचा दाब १९०. डॉ. म्हणाले, पांढरी गोळी चालू ठेवा, सकाळी एक, रात्री एक. मग विचारलं, "आणखी काही औषध घेता?" आबा म्हणाले, "न्हाई," आणि माझ्याकडं पाहिलं. मी टोपी नीट करत बसलो.
सांगलीच्या वैद्यांचं सर्पगंधेचं चूर्ण परवापासून चालू आहे. इंग्रजी औषध सोडलं, असं आबांनी वैद्यांनाही सांगितलंय. दोन्हीकडं मी शेजारीच होतो.

गुरु. ७
आबा आज आठ वाजेपर्यंत उठले नाहीत. पलटणीतून निवृत्त होऊन आले तरी पाचचं उठणं कधी चुकलं नव्हतं. दोन्ही औषधं एकदम नकोत, असं आईला म्हणत होतो. आबा बाजेवरून, "आरं, दोन बाजूंनी मारा केला की गड लवकर पडतो. तू गिरणीत सूत मोज."

सोम. ११
दाब १५०. डॉ. खूश. म्हणाले, गोळीचा गुण. येताना सांगलीला वैद्यांनी नाडी पाहिली. म्हणाले, चूर्णाचा गुण. आबा दोघांनाही "व्हय व्हय". माझा जीव थाऱ्यावर नाही.

गुरु. १४
दु. आबा बाजेवरून उठले आणि तोल गेला. भिंत होती म्हणून. बोलणं जड. नाडी मोजली, ५२; एरवी सत्तरच्या वर असते. पुन्हा मोजली. ५२.

शुक्र. १५
रजा टाकून एकटाच मिरजेला. सगळं सांगितलं, चूर्ण दाखवलं. डॉ. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.
"माप काय याचं?"
"चिमूटभर."
"कुणाची चिमूट?"
आई देते; तिची चिमूट घरी जाऊन पाहायची ठरवली.
दोन्ही औषधं दाब उतरवतात, गुंगी आणतात, म्हणून चूर्ण आजपासून बंद. गोळी आपल्या मनानं एकदम तोडायची नाही, रात्रीची अर्धी. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं. सोमवारी आबांना आणायचं, गुंगी वाढली तर लगेच.
घरी आल्यावर आईला चिमूट घेऊन दाखवायला लावली. तीन बोटांची, भरून. वैद्यांनी दोन बोटांची दाखवली होती, मला पक्कं आठवतं. आई म्हणाली, "वाईच जास्ती दिलं तर काय बिघडलं? माणूस माझा हाय."

शनि. १६
आबा माझ्याशी बोलत नाहीत. आईला म्हणाले, "पोरगं फितूर झालं गं तुझं."
चूर्ण टाकू देईनात. डॉ.च्या मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी असते, तशी पट्टी चूर्णाच्या बाटलीला डकवली. बरोबर चूर्णाच्या उंचीला. नाडी ५६.

रवि. १७
स. नाडी ५३.
बाटली पाहिली. चूर्ण पट्टीच्या खाली, नखाएवढं. हलून बसलं असेल. पण बाटली मी हलवलेली नाही.
आई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. आबा अंगावर ऊन आलं तरी झोपलेले.
उद्या मिरज. डॉ. पुन्हा "आणखी काही औषध घेता?" विचारतील, आबा माझ्याकडं पाहतील.
टोपी घरीच ठेवून जावं म्हणतो.