डिशची मान किती वर

१८ मार्च, दुपार
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, हे लिहिणार. चाळीस वर्षं कचेरीत साहेबांचं लिहून घेतलं, आता बायकोचं घ्या म्हटलं. मला अक्षर येत नाही. त्यामुळे ही वही कोणी वाचणार नाही, मीसुद्धा नाही. मोकळेपणाने बोलता येईल.
मुलाने बारा दिवसांची रजा काढली आहे. भाड्याने घरगाडी घेणार. चाकांवरचं घर, पलंग, शेगडी, मोरी सगळं आत. चार दिवस जायला, चार धाकटीकडे, चार परत यायला. धाकटी म्हणजे माझी बहीण, पार उत्तरेला राहते. तिला मणक्यामुळे प्रवास नाही, मला गुडघ्यांमुळे. नऊ वर्षांत तोंड पाहिलेलं नाही.
अडचण एकच. ह्यांना संध्याकाळी सातची मालिका लागते. मी आपली सोबत म्हणून बसते. हे विचारतात, असं लिहू का. मी म्हटलं, असंच लिहा.

२० मार्च
मुलगा म्हणाला, बारा दिवस टीव्ही नसला तर काय बिघडतं. मी म्हटलं, माझं काय बिघडणार, पण तुझ्या बाबांकडे बघ. हे तेव्हा शेंगा सोलत होते. चेहरा कसनुसा झाला होता, मला कळतो.
म्हणून दुकानात गेलो. गाडीवर लावायच्या डिशचे तीन प्रकार. एक पांढरा घुमट, टपावर बसतो, बटण दाबलं की आपला आपण सॅटेलाइट शोधतो. दुसरी टपावरच दुमडणारी. तिसरी तिपाईवरची, खाली जमिनीवर ठेवायची. विक्रेता घुमटाच्या मागे लागला. मी म्हटलं, स्वतःच्या डोक्याने चालणारं घरात एक माणूस आहे तेवढं पुरे. शिवाय घुमट टपावर, म्हणजे त्याला उघडं आकाश हवं तर आपणही उन्हात भाजायचं. तिपाई बरी. ती उन्हात, आपण सावलीत. विक्रेता एवढंच म्हणाला, ही प्रत्येक मुक्कामी नव्याने जुळवावी लागेल, आजी. मी म्हटलं, मी एकदाच जुळवते.

२३ मार्च
अंगणात डिश जुळवली. सूनबाई पुस्तिका वाचत होती, मी तिपाई फिरवत होते. तिचं पान उलटेपर्यंत माझं चित्र आलं. लगेच सुनेच्या लाल नेलपॉलिशने डिशच्या मानेवर खूण केली. आता पाय दक्षिणेला, मान खुणेला, की झालं.
माझा सगळा संसार खुणांवर चालला. शेगडीच्या बटणाला खूण, औषधाच्या बाटल्यांना दोरे, साखरेच्या डब्याला पोचा. आजवर एकदाही मिठाचा चहा झालेला नाही. एकदा झाला होता, तेव्हा ह्यांनी झाकणं बदलली होती.

२६ मार्च
निघालो. एक वाजता थांबलो, कारण तेव्हा आदल्या दिवसाचा भाग परत दाखवतात. तो मी पाहिलेला होता, पण डिशची चाचणी नको का. मग सातसाठी पाचपासून उघडी जागा शोधली. चित्र आलं, जरा चौकोन चौकोन. नायिकेच्या सासूला दोन नाकं. मुलगा म्हणाला, अंतर कमी झालं आजचं. पहिला दिवस आहे, उद्या भरून काढू.

२७ मार्च
चित्र नाही. झाडं आड येतात. गाडी हलवली. तरी नाही. विजेच्या तारा. परत हलवली. सव्वासात झाले. मला बसवेना, उठवेना, ह्यांच्या काळजीने. हे शेजारच्या गाडीतल्या निवृत्त ड्रायव्हरबरोबर पत्ते खेळायला गेले. दुःख लपवायची रीत आहे त्यांची.
पत्त्यात जिंकले म्हणे. कसले जिंकतात, मन कुठे होतं.

२८ मार्च
मी सुचवलं, काल नाही पण परवा जिथे दिसलं तिथे परत जाऊ, एकच संध्याकाळ. मुलगा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला. दमला असेल. परत गेलो. सासूला दोन नाकं, पण दिसली तरी.
मालिकेत खटला उभा राहिला आहे. घर कोणाच्या नावावर, त्याचा. निकाल एकतीस तारखेला म्हणे.

३० मार्च
दोन दिवस उत्तरेला. दोन दिवस काळा पडदा. एक वाजता अडीच तास, संध्याकाळी तीन तास खटपट. सूनबाई म्हणते, आई, पुस्तिकेत लिहिलंय, गाव बदललं की मानेचा कोन बदलतो, उत्तरेला जाऊ तशी मान खाली घ्यायची. मी म्हटलं, आकाश काय गावागणिक वेगळं असतं का. खुणेला हात लावायचा नाही. ती म्हणाली, बरं. तिचं ते बरं मला ठाऊक आहे.

३१ मार्च
मुलाने नकाशा पसरून सांगितलं. आता कुठेही न थांबता गेलो, तर परवा रात्री धाकटीच्या दारात. एक रात्र मिळेल. मला कामावर रुजू व्हायचंय, आई, त्यापुढे ओढता येणार नाही.
मी म्हटलं, एक रात्र तर एक रात्र. आता थांबायचं नाही. डिश पलंगाखाली. ठरलं म्हणजे ठरलं.
धाकटीला फोन केला. ती आज निकाल आहे का वगैरे काही बोलली नाही. तिला आवड नसेल.

१ एप्रिल
रात्री निकाल लागला असणार. सकाळपासून हे खिडकीबाहेर बघतात. मला बघवेना. एक वाजता फक्त दहा मिनिटं थांबू म्हटलं. हे म्हणाले, मला नको. माझ्यासाठी म्हणतात तसं. मी हट्टाने थांबवलं.
पहिल्या जागी नाही. दुसरीकडे चाक मऊ मातीत रुतलं. फळ्या, दगड, धक्का. साडेचार वाजता गाडी निघाली चिखलातून. तेवढ्यात सूनबाईने मला न विचारता डिशची मान दोन बोटं खाली केली.
चित्र एकदम स्वच्छ. तेलाची जाहिरात.

२ एप्रिल
आज सकाळी गाडी वळवली. धाकटीचं घर अजून दीड दिवस पुढे, तिथे गेलो तर मुलाचा रुजू व्हायचा दिवस चुकतो. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.
धाकटीला फोन मीच केला. चाक रुतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, असू दे गं. मग म्हणाली, टीव्ही गेल्या आठवड्यातच शेजारी देऊन टाकला. तू आल्यावर दोघींचं बोलणं व्हावं म्हणून. त्या जागी तुझी खाट टाकली आहे, खिडकीशी, वारा येतो.
मी म्हटलं, मग खटल्याचं तुलाही माहीत नाही. ती म्हणाली, कसला खटला.
नऊ वर्षांत फोनवर इतकं गप्प आम्ही कधी बसलो नव्हतो.
हे विचारतात, आता काय लिहू. मी म्हटलं, लिहा, ह्यांच्या मालिकेपायी भेट राहिली.
लिहिलं त्यांनी. वाचून दाखवा म्हटलं. वाचलं, शब्दाला शब्द.
म्हटलं, खोडा ते.